जर्मन चर्चवह्या ऑनलाइन: नावांच्या घोळात कोणती सेवा किती कामाची

जर्मन पूर्वज शोधणाऱ्याला आडनावाचं स्पेलिंग बदलतं हे सांगावं लागत नाही. ठेच लागते ती पहिल्या नावाला. एकच बाई बाप्तिस्म्याच्या नोंदीत आना कातारीना, लग्नात नुसती कातारीना, थोरल्या मुलाच्या बाप्तिस्म्यात आना आणि दफनाच्या वहीत ट्रीना. हे ध्यानात येईपर्यंत वंशावळीत एकीच्या चौघी झालेल्या असतात आणि बिचाऱ्या नवऱ्याच्या नावावर चार लग्नं.

आर्किऑन, मात्रिकुला, फॅमिलीसर्च आणि अँसेस्ट्री या चार सेवा इथे एवढ्याच कसोटीवर तोलल्या आहेत: नाव बेभरवशाचं असताना माणूस हाती लागतो का? डीएनए, वंशवृक्षाची सजावट, मोबाइल अ‍ॅप यांच्याशी इथे कर्तव्य नाही. निकाल आधीच सांगून टाकतो. ज्या दोन सेवांत नाव टाकून शोधण्याची सोयच नाही, त्या आर्किऑन आणि मात्रिकुला या कामात वरचढ ठरतात. ऐकायला उफराटं वाटेल, पण त्याचं कारण वह्यांतच आहे.

बीथोवनची नोंदच घ्या. 17 डिसेंबर 1770, बॉनचं सेंट रेमिगियस चर्च. मुलाचं नाव लुडोविकुस. आईबाप योआनेस फान बीथोवन आणि हेलेना केवेरिख्स. धर्मपिता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलासाठी उभा राहणारा) लुडोविकुस फान बीथोवन, म्हणजे आजोबा. धर्ममाता गेर्ट्रुडिस म्युलर्स, पुढे ‘डिक्टा बाउम्स’, म्हणजे बाउम्स या नावाने ओळखली जाणारी. आता ताळा करा. लुडोविकुस हा लुडविगचा लॅटिन अवतार, तो पाद्र्याने घडवला. आईचं खरं नाव मारिया माग्दालेना. मग हेलेना कुठून आली? घरात हाक ‘लेना’, आणि लेना हे माग्दालेनाचंही लघुरूप आहे आणि हेलेनाचंही. लिहिणाऱ्याने उलगडताना भलतंच पूर्ण नाव बसवलं असं दिसतं. त्यात भर म्हणजे याच जोडप्याच्या आधीच्या मुलाचा बाप्तिस्मा 2 एप्रिल 1769 रोजी झालेला, नाव लुडविग मारिया, आणि तो आठवड्याच्या आतच गेला. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देण्याची रीत सर्रास होती. 1810 मध्ये खुद्द बीथोवनने मित्राकडे बाप्तिस्म्याचा दाखला मागताना बजावलं होतं, की आपल्याआधी एक लुडविग होऊन गेला, त्याचा दाखला चुकून आणू नकोस. चार ओळींच्या एका नोंदीत भाषांतर, लघुरूपाचा गैरसमज, टोपणआडनाव आणि नावाची पुनरावृत्ती असे चार सापळे. लुडविग, आई मारिया माग्दालेना, अचूक जुळणी हवी, असं टाकून कुठल्याही सूचीत ही नोंद शोधली तर हाती शून्य येईल.

म्हणून सूची आणि पान यांत फरक करायला हवा. सूची करणारा मुलाचं नाव, आईबाप, तारीख आणि गाव उतरवतो. फॅमिलीसर्चवरचा ‘जर्मनी, जन्म आणि बाप्तिस्मे, 1558–1898’ हा मोठा संच साधारण याच साच्याचा आहे. धर्मपिता-धर्ममाता त्यातून गळतात, समासातला मृत्यूचा क्रूस (मूल लहानपणीच गेलं की नावापुढे काढत ती खूण) गळतो, नावाखालची रेघ गळते. आणि नावांचा गुंता सुटतो तो नेमका याच तीन गोष्टींनी.

रेघेचं महत्त्व सांगायला हवं. जर्मनीत मुलाला दोन-तीन-चार नावं मिळत आणि त्यांतलं एक ‘रूफनामे’, शब्दशः हाकेचं नाव. आपल्याकडे पाळण्यातलं एक आणि हाकेचं दुसरं असतं तसंच, फक्त इथे दोन्ही एकाच ओळीत बसलेली. हाकेचं नाव बहुधा पहिलं नसतं. बाखच्या घरात बाप योहान आम्ब्रोझिउस, भाऊ योहान क्रिस्टोफ आणि योहान याकोब, स्वतः योहान सेबास्टियान. इथे ‘योहान’ आपल्याकडच्या ‘चि.’ इतकीच माहिती देतो. बायकांत आना आणि मारिया यांचं तेच. मात्र नुसतं ‘योहानेस’ असेल, पुढे दुसरं नाव नसेल, तर ते स्वतंत्र हाकेचं नाव समजा. ‘योहान’ आणि ‘योहानेस’ या दोन जिवंत सख्ख्या भावांच्या नोंदी असू शकतात आणि त्या एकत्र करणं ही नवख्याची नेहमीची चूक. सरकारी नोंदवह्यांत (प्रशियात 1 ऑक्टोबर 1874 पासून, साऱ्या साम्राज्यात 1 जानेवारी 1876 पासून) हाकेच्या नावाखाली पुष्कळदा रेघ असते. ती रेघ फक्त पानाच्या फोटोत दिसते.

आता एकेका सेवेकडे.

आर्किऑन हे जर्मन प्रोटेस्टंट चर्चच्या अभिलेखागारांचं पोर्टल, 2015 पासून चालू. पैसे भरून पास घ्यावा लागतो: महिन्याचा, तीन महिन्यांचा किंवा वर्षाचा. महिन्याचा पास वीस युरोंच्या आसपास धरा आणि भरण्याआधी त्या दिवशीचा दर पाहा. पास घेण्यापूर्वी कोणत्या पॅरिशच्या (एका चर्चच्या अखत्यारीतला भाग, वसईकडे धर्मग्राम म्हणतात तोच) कोणत्या वह्या आहेत याची यादी फुकट पाहता येते, आणि ही यादी न पाहता पैसे भरणाऱ्याला आमची सहानुभूती नाही. सगळ्या प्रांतिक चर्चच्या सगळ्या वह्या इथे नाहीत. आधी अभिलेखागार, मग विभाग, मग पॅरिश, मग वही, असं उतरत जायचं आणि मग पान उलटत राहायचं. नाव टाकायला चौकोन नाही. पासागणिक डाउनलोडची संख्या ठरलेली असते, पण पानाची कायमची लिंक बनवता येते. प्रत्येक कामाच्या पानाची लिंक आणि वहीचं नाव लगेच टिपून ठेवा, कारण ‘उजवीकडे खालून तिसरी नोंद’ एवढ्या आठवणीवर ते पान पुन्हा सापडत नाही. बरेच स्कॅन जुन्या मायक्रोफिल्मवरून घेतलेले, काळे-पांढरे. शाईचा फिकेपणा आणि पानाच्या मागून उमटलेली शाई यांत फरक कळत नाही. पाचपैकी चार.

मात्रिकुला कॅथलिकांचं, आणि पूर्ण फुकट. खातंसुद्धा काढावं लागत नाही. ऑस्ट्रियाच्या वह्यांसोबत जर्मनीतले पासाऊ, म्युन्स्टर, पाडरबॉर्न असे डायसीस (एका बिशपच्या अखत्यारीतले धर्मप्रांत) इथे आहेत. सगळे मात्र नाहीत, तेव्हा आधी आपलं गाव कुठल्या डायसीसमध्ये पडतं ते पाहा. इथेही नावाची सूची नाही. बऱ्याच वह्यांचे रंगीत स्कॅन आहेत आणि नंतर कुणी वेगळ्या शाईने केलेली दुरुस्ती त्यांत स्पष्ट ओळखू येते. नावाच्या बाबतीत हे फार मोलाचं, कारण ‘मार्गारेता’ खोडून ‘मारिया’ कुणी आणि केव्हा केलं हे शाईच सांगते. साडेचार.

कॅथलिक वही म्हटलं की लॅटिन आलं, आणि लॅटिन आलं की नाव विभक्तीप्रमाणे फिरतं. मराठी वाचकाला हे पटायला वेळ लागू नये. आपण ‘गणेशचा मुलगा’ लिहितो तेव्हा बापाचं नाव ‘गणेशचा’ समजत नाही. पण योआनेसचा मुलगा लिहिताना पाद्री ‘योआनिस’ लिहितो, योआनेसला बाप्तिस्मा दिला म्हणताना ‘योआनेम’, आणि सूची करणारे हीच रूपं नाव म्हणून उतरवतात. याहून फसवी जागा ‘फिलिउस योआनिस पेत्री’. पेत्री म्हणजे बापाचं दुसरं नाव पेत्रुस, की पेत्री हे आडनाव? दोन्ही शक्य. त्याच बापाच्या तीन-चार मुलांच्या नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय ठरवू नका.

नावाचं भाषांतरही एकमार्गी नसतं. हाइनरिशचा हेनरिकुस, कार्लचा कारोलुस, विल्हेल्मचा गुइलिएल्मुस इथवर सरळ. पण डीट्रिशचा कधी थिओडोरिकुस तर कधी थिओडोरुस होतो, आणि परत जर्मनमध्ये येताना तो थिओडोर होऊन बसतो. मोझार्टचं उदाहरण ठळक आहे. 28 जानेवारी 1756 रोजी झाल्सबुर्गला बाप्तिस्मा, नाव योआनेस ख्रिसोस्टोमुस वोल्फगांगुस थिओफिलुस. पहिली दोन नावं जन्मदिवसाच्या संताची, कारण 27 जानेवारी हा संत जॉन ख्रिसोस्टोमचा सण. वोल्फगांग आईच्या वडिलांचं. थिओफिलुस धर्मपित्याचं. बाप पत्रात त्याचं गॉटलीब करतो, मुलगा सही करताना आमाडे. ग्रीक, जर्मन, लॅटिन वळणाची तीन नावं, अर्थ एकच, देवप्रिय. ऱ्हाइनच्या पश्चिमेला 1798 पासून फ्रेंच अंमलाखाली सरकारी नोंदी फ्रेंचमध्ये झाल्या, तिथे योहान पेटरचा जाँ प्येर होतो आणि वीस वर्षांनी पुन्हा योहान पेटर. हा माणूस फ्रान्सहून आलेला नाही. सूचीवर विसंबलेल्या वंशावळींत असे ‘फ्रेंच पूर्वज’ फार.

फॅमिलीसर्चचं खातं फुकट. साध्या शोधात ते योहानसाठी योहानेस आणि हान्ससुद्धा आणतं. अचूक जुळणीची खूण केली की हे थांबतं, तेव्हा पहिल्या नावावर ती खूण कधीच करू नका, गावावर करा. प्रादेशिक लघुरूपांपुढे मात्र यंत्रावर भिस्त ठेवू नये. यादी हाताशी असू द्या: योस्ट म्हणजे योडोकुस, फेल्टन म्हणजे वालेंटीन, श्टॉफेल म्हणजे क्रिस्टोफ, बार्टेल आणि मेवेस म्हणजे बार्थोलोमेउस, थीस म्हणजे मथियास, आस्मुस म्हणजे एरास्मुस, ड्रेस म्हणजे आंद्रेआस, युर्गन आणि यॉर्ग म्हणजे गेऑर्ग, फाइट म्हणजे वितुस. बायकांत एल्से, इल्से, लीसे, एल्सबेथ या सगळ्या एलिझाबेथ, ग्रेट आणि ग्रेटये मार्गारेता, श्टीना क्रिस्टीना, प्लोनिया आपोलोनिया, आलहाइट आडेलहाइड. माइन्झ-हेस्सेनकडे ‘हेने’ म्हणजे योहानेस. छपाईचा गुटेनबर्ग समकालीन कागदांत ‘हेने गेन्सफ्लाइश’ म्हणूनच भेटतो, आणि हेनेला हाइनरिश समजणारे तिथे चकतात.

फॅमिलीसर्चचा खरा उपयोग मुलाचं नाव रिकामं सोडून होतो. फक्त बापाचं आडनाव, आईचं पहिलं नाव आणि गाव टाका, वीस-पंचवीस वर्षांचा पट्टा द्या. सगळी भावंडं एका रांगेत येतात आणि आईची नावं कशी बदलत गेली तेही दिसतं. मग आईचंही नाव काढून पुन्हा शोधा, कारण तिसऱ्या बाळंतपणाच्या नोंदीत ती वेगळ्याच नावाने असू शकते. लॅटिन रूपांसाठी नावाची पहिली तीन-चार अक्षरं लिहून पुढे * टाका, एका अक्षराची शंका असेल तर तिथे ?. फिल्म क्रमांकाची (वही ज्या मायक्रोफिल्मवर आहे तिच्या क्रमांकाची) जागा वापरली तर शोध एकाच पॅरिशच्या वहीपुरता आवळता येतो, ही सोय बहुतेकांच्या नजरेतून सुटते. अडचण पुढे येते: काही वह्यांचे फोटो घरून उघडत नाहीत, फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा जोडलेल्या ग्रंथालयात जावं लागतं. साडेतीन.

अँसेस्ट्रीवर लुथरन बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांचा मोठा संच आहे, सूचीसह फोटोही. इथेही * आणि ? चालतात, पण निदान तीन खरी अक्षरं लागतात. फक्त जर्मन वह्यांसाठी ही महागडी वर्गणी घेऊ नये असं आमचं मत. इतर कामासाठी ती आधीच असेल तर सूचीचा दुवा धरून थेट फोटोवर जा आणि त्या पानाच्या मागची-पुढची दहा पानं वाचा. एकाच नोंदीवर उडी मारून परतायची सवय या सेवेमुळे लागते आणि नावांच्या बाबतीत तीच घात करते. शिवाय पर्याय म्हणून समोर येणाऱ्या इतरांच्या वंशावळींत हेलेना आणि माग्दालेना एकच असल्याचा निवाडा आधीच झालेला असतो, पुराव्याशिवाय. अडीच.

पोर्टल कुठलंही असो, आत शिरण्याआधी गावाचा पॅरिश माहीत हवा. लहान गावाला स्वतःचं चर्च नसे, कॅथलिक एका गावी जात आणि प्रोटेस्टंट दुसऱ्या. यासाठी मायर्स गॅझेटिअर, 1912 च्या आसपासचा जर्मन साम्राज्याचा गावकोश, ऑनलाइन फुकट आहे. एका नावाची आठ-आठ गावं निघतात, तेव्हा जिल्हा जुळवूनच पुढे जा.

मग पान वाचणं. लिपी कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी. पुण्यात जर्मन शिकलेल्यांची वाण नाही, पण वर्गात ही लिपी शिकवत नाहीत, त्यामुळे सी-वन ही वरची पातळी झालेला भाचाही पहिल्या पानाला हात टेकतो. कुरेंटमध्ये ई आणि एन जवळजवळ सारखे. यूवर छोटी चंद्रकोर असते, ती एनपासून वेगळं ओळखण्यासाठी. नावं मात्र कैक पाळक लॅटिन वळणाने लिहीत, मजकूर कुरेंटमध्ये ठेवून, त्यामुळे पानावर नजर टाकताच नावं वेगळी उठून दिसतात. संक्षेपांची सवय करा. ‘एक्सटोफ’ म्हणजे क्रिस्टोफ, ‘एक्सस्टियान’ म्हणजे क्रिस्टियान. एक्स हा ग्रीक खाय, क्रिस्ताची खूण. अक्षरावरची आडवी रेघ म्हणजे काहीतरी गाळलंय. सूचींत ‘झेंटोफ’सारखी जगात नसलेली नावं दिसली तर मुळात असाच एखादा संक्षेप असावा, असा संशय घ्यायला हरकत नाही.

वहीच्या शेवटी पाळकाने स्वतः केलेली सूची असेल तर हर्षभरित होण्याआधी ती कशाने लावली आहे ते पाहा. जुन्या सूची पुष्कळदा आडनावाने न लावता पहिल्या नावाने लावलेल्या असतात. हान्स एचखाली, योहान जेखाली. सी आणि के, आय आणि जे, एफ आणि व्ही मिसळलेले. एका माणसासाठी तीन अक्षरं तपासावी लागतात.

वाचताना प्रत्येक भावंडासमोर धर्मपिता-धर्ममाता लिहून काढा. मुलाचं नाव बहुतेक वेळा त्यांच्याकडून येतं. 23 मार्च 1685 रोजी आयझेनाखला बाखचा बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्मपिते होते सेबास्टियान नागेल आणि योहान गेऑर्ग कोख. नाव कुठून आलं ते उघड आहे. शाई पसरून मुलाचं नाव गेलेलं असेल तर खालच्या ओळीतून ते वाचता येतं. तेच धर्मपिते चार भावंडांत फिरत असतील तर आईचं नाव बदललं तरी कुटुंब एकच, हे पक्कं.

मग दफनाची वही. तिथलं नाव सगळ्यांत बेभरवशाचं, कारण सांगणारा शेजारी किंवा जावई. पण वय अनेकदा वर्षं, महिने, दिवस असं दिलेलं असतं, तेच वापरा. समजा, ‘ट्रीना’ 14 मार्च 1784 ला वारली, वय 62 वर्षं 3 महिने 11 दिवस. वर्षं वजा केली की 14 मार्च 1722, महिने वजा केले की 14 डिसेंबर 1721, दिवस वजा केले की 3 डिसेंबर 1721. आता बाप्तिस्म्याच्या वहीत 3 डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे आठवडाभर पाहा. पाळकाने मोजणी बाप्तिस्म्यापासून केलेली असू शकते, महिना सरसकट तीस दिवसांचा धरलेला असू शकतो. तिथे आना कातारीना भेटली आणि तिच्या नावापुढे लहानपणीच्या मृत्यूचा क्रूस नसला, तर धागा जुळला. क्रूस असेल तर पुढची दोन-तीन वर्षं वाचा, त्याच नावाची धाकटी बहीण असण्याची शक्यता मोठी. प्रोटेस्टंट भागात 1700 मध्ये 18 फेब्रुवारीनंतर थेट 1 मार्च उजाडला, त्या काळातली गणितं करताना मधे गळलेले अकरा दिवस ध्यानात घ्या.

प्रशियात 1794 च्या कायद्यापासून वहीची दुसरी प्रत करावी लागे. नक्कल करणाऱ्याने नावं ‘सुधारली’, त्यामुळे फोटो मूळ वहीचा आहे की प्रतीचा, हे शीर्षकात पाहा. दोन्ही मिळाल्या तर दोन्ही वाचा. बाडेनमध्ये 1810 ते 1870 च्या प्रती राज्य अभिलेखागाराच्या साइटवर फुकट आहेत. तेवढ्यासाठी आर्किऑनचा पास काढू नका. व्युर्टेम्बर्गची मंडळी नशीबवान: तिथे 1808 पासून कुटुंबनिहाय वही ठेवली गेली, आईबाप आणि मुलं एका पानावर, नावांचा निम्मा घोळ तिथेच मिटतो. वेस्टफालियात उलट. लग्न करून शेतावर नांदायला आलेला पुरुष त्या शेताचं नाव लावी, ‘गेनान्ट’ म्हणजे ‘म्हणवला जाणारा’ या शब्दाने जोडून. ऑस्टफ्रीजलंडमध्ये 1811 पर्यंत बापाचं पहिलं नावच मुलाचं आडनाव होई, तिथे पहिलं नाव चुकलं की पुढची पिढीच चुकते.

गावनिहाय कुटुंबग्रंथ, ज्यांना जर्मनीत ओर्ट्सफामिलीएनबुख म्हणतात, कॉम्पजेन या संस्थेच्या साइटवर फुकट शोधता येतात. आपल्या कुलवृत्तांतासारखेच, फक्त कुळाऐवजी गावाचे. वेळ वाचतो, पण संकलकाने नावं एकसारखी करून घेतलेली असतात. त्यातल्या ‘मारिया माग्दालेना’मागे वहीत हेलेना असू शकते, म्हणून हा ग्रंथ दिशा दाखवण्यापुरता वापरा.

नोंदवताना मुख्य नाव बाप्तिस्म्याचं ठेवा, हाकेचं नाव अवतरणात, आणि प्रत्येक रूपाशेजारी वही, वर्ष, पान. ‘ट्रीना (दफन, 1784)’ एवढं पुरे. आर्किऑनचा महिन्याचा पास कामाचा तेव्हाच, जेव्हा नावांच्या रूपांचा हा तक्ता आधी तयार आहे, फॅमिलीसर्चवरून भावंडं गोळा झाली आहेत आणि कोणत्या तीन वह्यांची कोणती वर्षं उघडायची ते लिहून ठेवलंय. तशी तयारी असेल तर तीन वह्या आठ-दहा संध्याकाळींत वाचून होतात आणि उरलेल्या दिवसांत धर्मपित्यांच्या कुटुंबांकडे वळता येतं.